टपाल फुटण्याची वेळ

पेडणे तालुक्यातल्या कोणत्याही वाड्यावर सकाळी पदेराचा भोंगा ऐकू येतो. सायकलीच्या मागे बांधलेली पावांची टोपली, तीवर घातलेले प्लॅस्टिक आणि हाताने दाबायचा रबरी भोंगा, एवढा त्याचा संसार. हा भोंगा कोणत्या घरापाशी सुमारे किती वाजता वाजणार, हे त्या घरातील शाळकरी पोरालाही पाठ असते. चहाचे आधण चढते, भोंगा वाजतो, घरची बाई अंगणात येते, पाव घेते आणि आत जाते. पदेराची वाट पाहण्यात दिवस फुकट गेला, अशी तक्रार कोणी केल्याचे ऐकिवात नाही. मासळीवालीचीही गोष्ट तीच. तिला उशीर झालाच, तर आज होड्या उशिरा लागल्या असतील, हे कारण न विचारताच समजते.

त्याच घरी एके दिवशी फोनवर निरोप उमटतो, की आपले पार्सल आज पोहोचेल. 'आज' ह्या शब्दाचा अर्थ सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंतचा कोणताही क्षण, असा घ्यायचा असतो. मग त्या घराचा सारा दिवस त्या एका शब्दाला बांधला जातो. शुक्रवार असला तर म्हापशाचा बाजार चुकतो. आंघोळ घाईत उरकावी लागते. दुपारची डुलकी खुर्चीतच, तीही एक कान रस्त्याकडे ठेवून. कुत्रे भुंकले की उठायचे, दुचाकीचा आवाज आला की पडवीत यायचे. आणि ती दुचाकी वळण घेऊन पलीकडच्या वाड्याकडे निघून गेली, की पुन्हा आत. चार वाजता फोन वाजतो.

"काकी, तुमचे घर कुठे? मी देवळापाशी उभा आहे."

"कुठल्या देवळापाशी रे, बाबा?"

ह्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यापूर्वीच बोलणे तुटते, आणि थोड्या वेळाने दुसरा निरोप येतो. दार बंद असल्यामुळे वस्तू देता आली नाही, असे त्यात म्हटलेले असते. गोव्याच्या खेड्यात दिवसाउजेडी घराचे दार बंद असणे हीच मुळी नवलाची गोष्ट. त्या दिवशी तर ते सकाळपासून सताड उघडे ठेवलेले असते. मनाला झोंबते ते हे वाक्य. वस्तू उद्या येईल, परवा येईल. परंतु दिवसभर घरात बसलेल्या माणसाला 'तुम्ही घरी नव्हता' असे लेखी कळविले जावे, आणि ते खोडून काढण्यास त्याच्यापाशी काहीही साधन नसावे, हा साधा अपमान नव्हे.

ह्या पार्सलात नेहमी चैनीचीच वस्तू असते असेही नाही. म्हाताऱ्याचे हृदयविकाराचे औषध असते, शिवणयंत्राचा मोडलेला भाग असतो, परीक्षेस बसणाऱ्या मुलीची पुस्तके असतात. पारपत्र तर स्पीड पोस्टाने येते आणि ते ज्याच्या नावाचे त्याच्याच हाती द्यावयाचे असते. तेव्हा आखाताकडे किंवा बोटीवर जाण्यास निघालेल्या तरुणाला त्या दिवशी घराबाहेर पाऊल टाकता येत नाही. तुये किंवा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या कामगाराला एक दिवस घरी राहणे म्हणजे एका दिवसाचा रोज बुडविणे. घरात राहणारे कोणी असलेच, तर ती बहुधा घरची बाई किंवा वृद्ध माणूस. 'त्या काय, घरीच असतात,' असे म्हणून त्यांचा वेळ हिशेबात धरण्याची पद्धत आपल्याकडे नाही. परंतु ज्या दिवशी बाजार, बँक, दवाखाना आणि नातलगांकडची विचारपूस एवढी सगळी कामे रहित होतात, तो दिवस कोणाच्या तरी खिशातून गेलेला असतोच.

वाट पाहणे हे सर्वच प्रकारचे सारखे नसते. अमेरिकेतील डेव्हिड मायस्टर ह्या अभ्यासकाने १९८५ साली रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाच्या मनःस्थितीवर एक निबंध लिहिला. ज्या वाट पाहण्याला मुदत नाही ते मुदत असलेल्यापेक्षा मोठे वाटते. ज्याचे कारण सांगितलेले नाही ते कारण कळलेल्यापेक्षा मोठे वाटते. आणि रिकाम्या हातांनी पाहिलेली वाट काम करता करता पाहिलेल्या वाटेपेक्षा लांब भासते, असे त्यांनी मांडले. पार्सलाच्या दिवशी ह्या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. मुदत नाही, कारण नाही, आणि दुसऱ्या कामाला हात घालावा तर मध्येच उठावे लागेल ही धास्ती. म्हणून बाणावलीहून पेडण्यास येणाऱ्या पाहुण्याची तीन तास वाट पाहणारे माणूस शांत असते आणि तेच माणूस पार्सलासाठी तीन तास थांबले की चिडचिडे होते.

मग पार्सल आणणाऱ्याने वेळ का सांगू नये? ह्याचे एक कारण गणिताचे आहे. एका माणसाला दहा घरी वस्तू द्यावयाच्या असतील, तर ती दहा घरे कोणत्या क्रमाने घ्यावीत ह्याचे ३६,२८,८०० प्रकार संभवतात. त्यांपैकी कमीत कमी फेऱ्याचा क्रम शोधून काढणे हे कोडे गणितज्ञांना अनेक दशके छळीत आले आहे. घरे जसजशी वाढतात तसतसे ते अधिकच अवघड होते. त्यात एकाने सांगितले, मला दहा ते अकरा ह्याच वेळेत पाहिजे, दुसऱ्याने सांगितले, मला दोननंतर, की तो सोयीचा क्रम मोडतो. मग त्याच रस्त्यावरून दोनदा जावे लागते, तेल अधिक जळते आणि दिवसाकाठी कमी घरे होतात. म्हणून वाहतूक करणाऱ्याच्या दृष्टीने सर्वात स्वस्त व्यवस्था कोणती, तर सर्वांना दिवसभर घरी बसवून ठेवावे आणि आपण आपल्या सोयीने जावे ही.

सगळ्या प्रवासात शेवटचे हे दोनचार मैलच महाग पडतात. मुंबईहून निघालेल्या मोटारीत पार्सले ठासून भरलेली असतात, तेव्हा एकेका नगाच्या वाट्याला येणारे भाडे थोडे असते. तालुक्यापासून पुढे मात्र एक पोरगा, एक दुचाकी आणि पाठीवर एक भली मोठी पिशवी. ह्या पोराला पुष्कळ ठिकाणी नगावर पैसे मिळतात. घर सापडले नाही तर त्याचा वेळ गेला, तेल गेले आणि पैसेही नाहीत. शिवाय ठरलेल्या दिवसात फेरी झाल्याची नोंद व्हावी लागते, नाहीतर वरून बोलणी खावी लागतात. अशा वेळी सूर्य मावळतीला आलेला, पिशवीत आणखी नग उरलेले, आणि समोर तीन फाटे फुटलेली लाल मातीची वाट. त्याचा अंगठा 'दार बंद' ह्या शेऱ्यावर पडतो. हे योग्य आहे असे कोणीही म्हणणार नाही. परंतु त्या शेऱ्यामागे लबाडीच असते असे मानणेही बरोबर नाही. पुष्कळदा त्या शेऱ्याचा खरा अर्थ 'मला घर सापडले नाही' इतकाच असतो, आणि तसे लिहिले तर दोष आपल्या माथी येईल अशी त्याला भीती असते.

घर का सापडत नाही, हा प्रश्न पेडणे-डिचोलीच्या बाबतीत जरा मुळातून पाहिला पाहिजे.

हे दोन्ही महाल गोव्याच्या नव्या काबिजादींपैकी. डिचोली १७८१-८२ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगीजांकडे आले. तत्पूर्वी त्यांचा संबंध सावंतवाडीशी. आणि राज्य बदलले तरी सोयरीक, देवधर्म आणि बाजारहाट ह्यांचे धागे हद्दीपलीकडे गुंतलेले राहिले. पुढे ब्रिटिशांच्या मुंबईत गोमंतकीयांची मोठी वस्ती झाली. कोणी बोटीवर तारवटी झाला, कोणी आचारी, कोणी गिरगावात पेढीवर कारकून. ख्रिस्ती मंडळींनी आपापल्या गावाच्या नावाने 'कूड' काढले. बोटीची वाट पाहणाऱ्या गावकऱ्याला तेथे पेटी ठेवायला जागा मिळे, आणि भिंतीशी गावच्या संताची वेदी असे. गावाकडे जाणारा माणूस निघाला, की त्याच्याबरोबर इतरांची गाठोडी निघत. तो पोहोचला की पेटी ओसरीवर उघडली जाई आणि ज्याचे त्याला दिले जाई. पत्ता लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. नुसते नाव पुरे होई, किंवा अमक्याची आई एवढेही.

पोर्तुगीज हिंदुस्थानने आपली टपाल तिकिटे १८७१ साली काढली आणि १८७७ साली तो जागतिक टपाल संघात सामील झाला. योगायोग असा, की त्याच १८७७ साली ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपाल खात्याने व्ही.पी. पार्सलाची पद्धत सुरू केली आणि १८८० साली मनीऑर्डर आली. पैसे मोजा आणि वस्तू घ्या ही आजची रीत म्हणजे त्या व्ही.पी.चीच नात. दिवाळी अंकाची व्ही.पी. यायची असली की मोजून पैसे फडताळात ठेवले जात आणि घरी कोणी ना कोणी थांबे, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. मात्र त्या वाट पाहण्याला एक आधार होता. पोस्टमन कोण, तो कोणत्या वाटेने येतो, त्याचा जावई कोठे असतो, हे सारे माहीत असे. आणि त्यालाही प्रत्येक घर ठाऊक असे. त्या दिवशी घर बंद असले तर शेजारी सांगत, उद्या या. आणि तो उद्या येई.

ह्या भागाने दुसऱ्या तऱ्हेची वाट पाहणेही अनुभवले आहे, आणि त्याची आठवण केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १९५४ पासून भारत सरकारने गोव्याशी होणाऱ्या व्यवहारावर निर्बंध घालण्यास आरंभ केला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींच्या तुकड्या हद्दीवर चाल करून गेल्या. त्यांपैकी एक वाट बांद्याहून पेडणे महालातील पत्रादेवीस येणारी. तेथे आणि इतर ठिकाणी पोर्तुगीजांनी गोळीबार केला व वीसहून अधिक सत्याग्रही हुतात्मे झाले. त्याच महिन्यात दोन्ही सरकारांचे वकिलातीचे संबंध तुटले. कॅसलरॉकवरून येणारी आगगाडी बंद पडली, मालाची ने-आण थांबली, आणि मुंबईत कमावणाऱ्या माणसाने गावी पैसे धाडण्यावरही कडक निर्बंध आले. पोर्तुगीज सरकारने तांदूळ, बटाटे, सिमेंट असा माल दूरदूरच्या देशांतून बोटींनी आणला, दाबोळी विमानतळ उघडून १९५५ सालीच स्वतःची विमान कंपनी काढली आणि कराचीकडे विमाने सुरू केली. परंतु पेडण्यातील ज्या घराची लेक बांद्याला दिलेली होती, त्या घराला कराचीचा काय उपयोग? चार कोसांवर राहणाऱ्या लेकीने बाळंतविडा धाडला तर तो राजरोस येण्यास रस्ता नव्हता. मुंबईच्या कुडात भरलेली पेटी कधी पोहोचेल हे सांगणारे कोणी नव्हते. ही स्थिती १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत टिकली. २९ डिसेंबरपासून भारतीय तिकिटे वापरात आली आणि जुनी तिकिटे ५ जानेवारी १९६२ पर्यंत चालू देण्यात आली.

त्या सहा वर्षांतील वाट पाहणे आजच्यापेक्षा कितीतरी कठीण होते, हे उघड आहे. परंतु त्यात आणि आजच्या त्राग्यात एक भेद आहे, तो नीट पाहावा. त्या वेळी पेटी का येत नाही हे अंगणातल्या म्हातारीलाही समजत होते: हद्दीवर शिपाई उभा होता. आज हद्द नाही, रस्ता रुंद आहे, मोपाच्या विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमाने पेडण्याच्या डोक्यावरून उडत आहेत, आणि तरीही म्हापशापर्यंत एका रात्रीत आलेली वस्तू पुढच्या दहाबारा मैलांत तीन दिवस कोठे असते, हे कोणी सांगत नाही.

आता पत्त्याकडे वळू. १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्याकडे पिन क्रमांक सुरू झाले. ही योजना श्रीराम भिकाजी वेलणकर ह्या मराठी अधिकाऱ्याची. संस्कृत कवी म्हणूनही त्यांचा लौकिक आहे. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून टपाल छाननीच्या जिल्ह्याचे, आणि शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. गोव्याचे सर्व पत्ते ४०३ ने सुरू होतात. पेडण्याचा क्रमांक ४०३५१२, डिचोलीचा ४०३५०४, साखळीचा ४०३५०५. सारख्या नावांच्या आणि निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेल्या गावांच्या ह्या देशात पत्र वाट चुकू नये, हा त्याचा हेतू. पण हा क्रमांक पार्सलाला टपाल कार्यालयापर्यंत नेऊन सोडतो. तेथून पुढे घरापर्यंत तो काही बोलत नाही.

आणि गावांची नावे तर अशी, की नवख्या माणसाने गोंधळावेच. केरी नावाची गावे गोव्यात निदान तीन: एक पेडण्यात तेरेखोल नदीच्या मुखाशी, एक सत्तरीत, एक फोंड्यात. नावेली डिचोलीत आहे आणि दुसरी मडगावाजवळ सासष्टीत आहे. पोर्तुगीज अमदानीत नावांचे जे स्पेलिंग रूढ झाले ते आजही कागदोपत्री चालते. त्यामुळे पेडण्याचे 'पेर्नेम', डिचोलीचे 'बिचोलीम', हरमलचे 'आरांबोल', हळर्णचे 'आलोर्ना' अशी दोन दोन रूपे यंत्राच्या यादीत फिरत असतात. यंत्राला हे दोन्ही एकच, हे कोणी सांगितले नसेल तर ते त्यांना दोन गावे समजते. गावाच्या आत वाडे. देऊळवाडा एकाहून अधिक गावांत. वाड्याच्या आत रस्त्याला नाव नाही. घराला क्रमांक असतो, पण तो पंचायतीने घरपट्टीच्या सोयीसाठी दिलेला. शेजारच्या घराचा क्रमांक लगतचाच असेल अशी खात्री नाही. म्हणून माणसे पत्त्यात 'माडाच्या भाटाजवळ', 'खुरसापाशी', 'जुन्या शाळेमागे' असे लिहितात. गावच्या पोस्टमनाला ही खूण पुरेशी असते. काल कामावर लागलेल्या परगावच्या पोराला तो खुरीस कोणता आणि जुनी शाळा कोणती हे कळावे तरी कसे?

भूगोलाचाही त्यात हात आहे. तेरेखोलचा किल्ला आणि गाव पेडणे तालुक्यातच मोडतात, पण आहेत नदीच्या उत्तर तीरावर. केरीहून फेरीबोटीने पलीकडे जायचे, नाहीतर महाराष्ट्राच्या हद्दीतून भला मोठा वळसा घालायचा. नकाशावर बोट ठेवून अंतर मोजणाऱ्याला ते हाकेच्या अंतरावर दिसते. पावसाळ्यात तर विचारूच नये. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी आणि चिखल शिरून कोकण रेल्वेची वाहतूक थांबली होती आणि काही गाड्या मिरज-लोंढामार्गे वळवाव्या लागल्या. ऑगस्ट २०२० मध्ये त्याच बोगद्याची भिंत ढासळली होती. अशा दिवसांत उशीर झाला तर कोणी रागवत नाही. फक्त कोणीतरी तसे कळवावे लागते.

रस्त्यांना नावे नाहीत म्हणून वेळ पाळता येत नाही, हे मात्र खरे नव्हे. जपानातही बहुतेक रस्त्यांना नावे नसतात. तेथे पत्ता लिहितात तो वाडी, गट आणि घर ह्यांच्या आकड्यांनी, आणि जुन्या वस्तीत घरांचे आकडे ती बांधली गेली त्या क्रमाने पडलेले असतात. त्या देशात यामातो ह्या कंपनीने २० जानेवारी १९७६ रोजी घरोघर पार्सले पोहोचविण्याचा धंदा सुरू केला. पहिल्या दिवशी तिला मिळालेली पार्सले मोजून ११ होती. १९९८ पासून तिने घेणाऱ्याला दिवसाचा ठरावीक भाग निवडू देण्यास सुरुवात केली. त्यांना हे साधले ह्याचे एक कारण म्हणजे त्यांचा माणूस तोच तोच भाग दररोज फिरतो आणि तेथील घरे ओळखतो. म्हणजे आपला जुना पोस्टमनच तो. जर्मनीत २००१ पासून नाक्यानाक्यावर कुलपाची कपाटे बसविण्यात आली; पार्सल त्यात ठेवतात, आणि ज्याचे त्याने कामावरून येताना काढून न्यावे. आपल्या खेड्यात असे कपाट नाही, पण नाक्यावरचे दुकान आहे, आणि कित्येक वाड्यांवर पार्सले आपोआपच तेथे जाऊन पडू लागली आहेत. दुकानदार ही कामगिरी फुकट करतो. त्याच्याबद्दल त्याला काही मिळावे, असे मात्र अजून कोणाला सुचलेले दिसत नाही.

भारतीय टपाल खात्याने मे २०२५ मध्ये 'डिजिपिन' नावाची योजना जाहीर केली. तीत साऱ्या देशाचे सुमारे चार मीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडले असून प्रत्येकाला दहा अक्षर-अंकांची खूण दिलेली आहे. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचे दूरसंवेदन केंद्र ह्यांच्या साहाय्याने ती तयार झाली. माडाच्या भाटातील घरालाही आता स्वतःची अशी निश्चित खूण मिळू शकते. ती घरच्या माणसांनी लक्षात ठेवली, पाठविणाऱ्याने लिहिली आणि आणणाऱ्याने वाचली, म्हणजे निदान कुठल्या देवळापाशी हा प्रश्न मिटेल. वेळेचा प्रश्न मात्र तिने सुटत नाही.

कायद्याचा आधार किती, हेही ठाऊक असलेले बरे. टपाल खात्याला उशीर, गहाळ होणे किंवा भलत्याच जागी जाणे ह्यांबद्दल १८९८ च्या कायद्याने मोठे संरक्षण दिले होते, आणि त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या कायद्यातही नियमांनी ठरवून दिलेल्या जबाबदारीपलीकडे खाते बांधलेले नाही. खासगी कंपन्यांना हे कवच नाही. परंतु त्यांच्या पावतीवर बारीक अक्षरांत भरपाईची मर्यादा छापलेली असते, आणि पाठविणाऱ्याने सही करून मान्य केलेली अशी मर्यादा त्याच्यावर बंधनकारक ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली म्हटले आहे. तेव्हा मौल्यवान वस्तूचा विमा उतरविणे हा शहाणपणा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक सोय चांगली केली. विकणारा बंगळूरचा असो की दिल्लीचा, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. १९१५ ह्या क्रमांकावर फोन करूनही तक्रार नोंदविता येते. खोट्या 'दार बंद' शेऱ्याच्या बाबतीत निरोपाची वेळ, आलेल्या फोनची नोंद आणि त्या वेळी घरी कोण होते ह्याचे टिपण त्याच दिवशी करून ठेवावे. आठ दिवसांनी आठवणीवर विसंबून लिहिलेल्या तक्रारीला वजन राहत नाही.

टपालाने येणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत एक जुनी वाट अजून उघडी आहे आणि ती विसरली जात आहे. वाटपाच्या वेळी घरी कोणी नसले तर वस्तू लगेच परत जात नाही; साधारणपणे सात दिवस ती टपाल कार्यालयात ठेवलेली असते आणि ओळख पटवून तेथून नेता येते. स्वतःला जाणे शक्य नसेल तर दुसऱ्याच्या नावे अधिकारपत्र लिहून देता येते. गावातील शाखा कार्यालय दिवसातून चारपाच तासच उघडे असते आणि ते सांभाळणारा ग्रामीण डाक सेवक बहुधा त्याच पंचक्रोशीतला असतो. वरच्या कार्यालयाकडून थैली आली, की लाख लावलेली दोरी कापायची, यादीशी नग ताडून पाहायचे आणि वाड्यांप्रमाणे वेगळे काढायचे. ह्या कामाला आपल्या भाषेत 'टपाल फुटणे' म्हणतात. ते कितीला फुटते हे गावाला माहीत असते, आणि त्या सुमारास आजही कोठे कोठे दोघे-तिघे म्हातारे पोस्टाच्या पडवीत येऊन बसतात. एखाद्याचे पेन्शनचे पत्र असते, एखाद्याच्या नातवाने धाडलेले चष्म्याचे घर असते. कित्येकदा काहीच नसते. मग ते छत्री उचलतात, आणि दुपारची पेज निवायच्या आत घरी पोहोचतात.